खिंडाईची बोरमाळ

“मग सोनं पडलं कसं, बाबा?”

खिंडाईच्या देवळाचे पुजारी केदारगीर बाबा पायरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले आणि टरफल बाजूला सारलं.

“कुठं पडलं?” त्यांनी विचारलं.

“भाव पडला, बाबा. बाजारात.”

“आसं व्हय. मला वाटलं, कुणाचं तरी हरवलं.”

जयसिंग निकमनं कपाळाला हात लावला. भर उन्हात खिंडाईची टेकडी चढून तो आला होता, तो काही थट्टा करून घ्यायला नव्हे.

जयसिंग गलाईवाला. म्हणजे जुनं सोनं आटवून, त्यातलं हीण काढून ते चोख करून देणारा. खानापूरच्या माळावरच्या त्याच्या गावात निम्म्या घरांचा धंदा हाच. माळ कोरडा, म्हणून पुरुषमंडळी आजोबांच्या काळापासून मुलूख सोडून गेलेली. कुणी गुवाहाटीला, कुणी जमशेदपूरला. जयसिंगचं दुकान कोईमतूरला होतं. घराच्या स्लॅबचं काम निघालं म्हणून तो सध्या गावी आला होता.

पण त्याची खरी ओळख दुकानाची नव्हती. रोज सकाळी तो मोबाईलवर एक निरोप बोलायचा, आज सोनं कुठं जाईल याचा, आणि गावोगावचे गलाईवाले तो ऐकून मगच दुकानाचं कुलूप काढायचे. “शेअरबाजार रडला की सोनं हसतं,” हे त्याचं आवडतं वाक्य. सृष्टी करताना ब्रह्मदेवानं आपलाच सल्ला घेतला होता, अशा थाटात तो ते म्हणायचा.

आणि मग परदेशातली कुठलीशी मोठी बँक बुडाली. जगभरचे बाजार गडगडले.

पहिल्या दिवशी सोनं उसळलं. जयसिंगची कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सोनंही शेअरच्या मागोमाग धाडकन खाली आलं.

त्यानंतर तर भावाला काही धरबंधच राहिला नाही. सकाळी वर, दुपारी खाली, संध्याकाळी पुन्हा वर. जयसिंगनं आधी सांगितलं, लढाईची अफवा आहे. मग सांगितलं, डॉलरची गडबड आहे. मग सांगितलं, ही बड्या लोकांची खेळी आहे. आता त्याच्याकडे सांगायला काहीच उरलं नव्हतं. गुवाहाटीच्या एका गलाईवाल्यानं त्याला उलट निरोप धाडला होता: ‘दादा, सोनं हसतंय का रडतंय, एकदाच काय ते सांगा.’

जयसिंगला त्या निरोपाचा राग आला नव्हता. भीती वाटली होती. कारण त्यालाही तेच हवं होतं, कुणीतरी एकदाच काय ते सांगावं.

त्यात मंदाआक्का.

मंदाआक्का ही त्याची थोरली बहीण, टेकडीखालच्याच गावात दिलेली. सोनं पडलं त्याच दिवशी तिचा फोन आला होता. “जयसिंगा, सोनं विकावं म्हणते. विकू का थांबू?” जयसिंगनं तिला थांबवलं होतं. नुसतं थांबवलं नाही, तर अमेरिकेपासून चीनपर्यंत सगळं समजावून सांगितलं होतं. “बरं,” ती म्हणाली होती. भाव तेव्हापासून आणखी उतरला. आज सकाळपासून आक्काचे फोनवर फोन येत होते आणि जयसिंग ते उचलत नव्हता. कुठल्या तोंडानं उचलणार? बहिणीचं नुकसान केलं, हे शल्य त्याला गावभरच्या थट्टेपेक्षा जास्त टोचत होतं.

म्हणून तो बाबांकडे आला होता. लहानपणी वडील परमुलखात असताना आईनं त्याला बाबांच्या हाताखाली ठेवलं होतं. भजन, पाढे आणि गप्प बसणं, अशा तीन गोष्टी त्यानं शिकायच्या होत्या. पहिल्या दोन आल्या.

“बाबा, हे बघा,” जयसिंग जवळ सरकून म्हणाला. “माणूस घाबरला की सोन्याकडं धावतो. बरोबर?”

“धावतो.”

“जग घाबरलंय. बरोबर?”

“आसंल.”

“म्हणजे सगळे सोन्याकडं धावणार. सगळे धावले तर भाव वर जायला पायजे. मग खाली कसा आला?”

बाबांनी एक शेंग त्याच्यापुढं धरली. “फोड.”

जयसिंगनं फोडली. आत काहीच नव्हतं.

“ही पोकळ निघाली.”

“टाकून दे मग,” बाबा म्हणाले आणि दुसरी शेंग घेतली.

जयसिंग टरफलाकडे बघत राहिला. यात काही खूण आहे की काय, ते त्याला कळेना. त्यानं ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. हल्ली त्याचं असंच झालं होतं. दूध नासलं तरी त्याला वाटायचं, यावरून बाजाराचं काही कळतंय का.

“पोकळ… म्हणजे सोन्यात काही अर्थ नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“शेंग पोकळ हाय असं म्हणायचंय.”

…

“आईला नमस्कार केलास?” बाबांनी विचारलं.

जयसिंग वरमला. आल्या आल्या प्रश्नच घेऊन बसला होता तो. उठून त्यानं चप्पल काढली आणि देवळाच्या उंबऱ्याशी गेला.

खिंडाईचं देऊळ लहानसंच, दोन टेकड्यांच्या बेचक्यात बसवलेलं. आत अंधार. समईच्या उजेडात आईचा शेंदरी मुखवटा दिसत होता. जयसिंगनं हात जोडले, डोळे मिटले, उघडले… आणि जोडलेले हात तसेच राहिले.

आईच्या अंगावर सोनं नव्हतं.

खिंडाईची एक रीत आहे. घरातला पुरुष पहिल्यांदा मुलूख सोडून निघाला, की त्या घरची बाई सोन्याचा एक डाग, म्हणजे दागिना, आणून आईच्या अंगावर घालते. हा नवस नव्हे आणि दानही नव्हे. डाग त्या बाईचाच राहतो, तिच्या माघारी तिच्या लेकीचा. हवा तेव्हा तिनं यावं आणि आपल्या हातानं काढून न्यावा. कारण कुणी विचारत नाही. लिहून कुणी ठेवत नाही. जमलं तर ती परत आणून घालते, नाही जमलं तर नाही. पुरुषानं मात्र त्याला हात लावायचा नाही, बाबांनीसुद्धा.

जयसिंगच्या आठवणीत आई नेहमी मढलेली होती. पुतळ्यांच्या माळा, चिंचपेट्या, गोठ, वज्रटीक. लहानपणी मुखवट्याखाली नुसतं पिवळंधमक दिसायचं.

आज गळा उघडा होता. झेंडूचा एक जाड हार तेवढा होता, आणि त्याच्या आतून कुठंतरी एक बारीक सोनेरी कड चमकत होती.

“बाबा!” तो ओरडला. “चोरी झाली!”

“न्हाई झाली.”

“मग सोनं कुठंय?”

“ज्यांचं त्यांनी नेलं.”

“सगळं?”

“ह्या चार-आठ दिसांत बाया येत हुत्या. एक येऊन गेली, दुसरी आली. आपापलं काढलं, आईच्या पाया पडल्या, गेल्या.”

इतक्या वर्षांत त्यानं आईला अशी पाहिली नव्हती. दुष्काळातसुद्धा निम्मं सोनं अंगावर असायचं, असं त्याची आई सांगायची. त्याला रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी डोक्यात काहीतरी खटकन बसलं. जयसिंगचं डोकंच तसलं. घर जळताना त्यानं धुराची दिशा पाहिली असती.

“बघा बाबा!” तो तावातावानं परत आला. “हेच! हेच तर मला सापडत नव्हतं. विश्वास उडाला. लोकांचा शेअरवरचा विश्वास उडाला, मग सोन्यावरचा उडाला. आता आईवरचाही उडाला. म्हणून सोनं पडलं. विश्वासच नाही राहिला कशावर!”

बाबांनी शेंगा फोडणं थांबवलं.

“आसं म्हणतोस?”

“मग दुसरं काय? विश्वास असता तर आईच्या अंगावरचं ओरबाडून नेलं असतं का?”

उद्या सकाळचा निरोप त्याच्या ओठांवर तयार होऊ लागला होता. बंधूंनो, प्रश्न भावाचा नाही, विश्वासाचा आहे. छान होतं. भारदस्त होतं. बऱ्याच दिवसांनी जयसिंगला पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं.

“पण एक घर आहे,” तो म्हणाला. “हाराच्या आत एक डाग दिसतोय. सगळ्यांनी नेलं, पण त्या बाईनं नाही नेलं. तिचा विश्वास ढळला नाही. खरं सांगतो बाबा, असल्या बाईचे पाय धरले पायजेत.”

“धर की.”

“हात तरी जोडतो.” आणि जयसिंगनं देवळाकडे तोंड करून, न पाहिलेल्या त्या बाईला मनोभावे हात जोडले.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

“जयसिंगा,” ते म्हणाले, “सोनं इकलं कुणी?”

“या बायांनी?”

“न्हाई. तू भाव पडला म्हणतोस. कुणीतरी इकलं आसंल तवाच पडला आसंल. कुणी इकलं?”

“परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी.”

“नावं काय त्यांची?”

“नावं कशी माहीत असतील, बाबा?”

“का इकलं त्यांनी?”

“ते कळत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?”

“बरं. तुझ्या वळखीच्या कुणी इकलं?”

“छे. आमची मंदाआक्का विकायला निघाली होती. मी थांबवलं.” हे सांगताना त्याचा आवाज पुन्हा पडला. “थांबवलं, आणि भाव आणखी उतरला. तिच्यापुढं जायला तोंड नाही मला.”

“काय म्हणली ती?”

“विकू का थांबू म्हणाली.”

“कशापायी इकायचं हुतं?”

जयसिंगनं तोंड उघडलं.

…

ते तसंच मिटलं.

“म्हणजे… तिनं सांगितलं नाही.”

“तू इचारलंस?”

…

गलाईवाल्याच्या घरात जन्मलेल्या माणसापुढं सोन्याचं नाव काढा. तो वजन विचारेल, कस विचारेल, भाव सांगेल. का, हे विचारायचं त्याच्या जिभेला वळणच नसतं. जयसिंग आक्काशी भरपूर बोलला होता. आता त्यातलं तिचं बोलणं तो आठवू लागला, आणि त्याला एक “विकू का थांबू” आणि एक “बरं” याखेरीज काहीच आठवेना.

“कुठलं सोनं इकायचं हुतं, त्ये तरी?” बाबांनी विचारलं.

“असतील पाटल्या वगैरे. तिच्या अंगावरच्या.”

“पाटल्या तिनं नवऱ्याच्या आजारपणात मोडल्या. तुला ठावं न्हाई?”

जयसिंगला ठाऊक नव्हतं. कोईमतूर लांब होतं, आणि त्यानं कधी तिच्या हातांकडे पाहिलं नव्हतं.

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकत देवळात गेले. त्यांनी समई उचलली आणि दुसऱ्या हातानं आईच्या गळ्यातला झेंडूचा हार हळूच वर धरला.

“ये. बघ.”

जयसिंग आत वाकला.

बोरमाळ होती. जुन्या घडणीची, पोकळ सोन्याचे मणी लाखेवर बसवलेले. मधल्या पदकाच्या डाव्या बाजूचा एक मणी चेपलेला होता.

तो मणी जयसिंगनं चेपला होता. दात येत होते तेव्हा. त्याची आई ही गोष्ट येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची आणि मग तो मणी बोटानं कुरवाळायची. वडील पहिल्यांदा मुलूख सोडून गेले तेव्हा तिनं बोरमाळ गळ्यातून काढली आणि इथं घातली. आईच्या माघारी ती मंदाआक्काची. सोन्याचा भाव रोज घोकणाऱ्या जयसिंगला घरचं सोनं आपण शेवटचं कधी पाहिलं, हेसुद्धा आठवत नव्हतं.

“ही…”

“व्हय. हीच.”

“मग आक्कानं ही का नाही नेली?”

“तूच सांग.”

समईची ज्योत हलली. बाबांचा हात थकला असावा.

“बाकीच्या बाया आल्या आन् घेऊन गेल्या,” बाबा म्हणाले. “कुणी कुणाला इचारलं न्हाई. मंदापण आली. तुला इचारलं त्या दिवशीच आली. माळंला हात लावला, आन् म्हणली, ‘बाबा, भावाला इचारून येते. त्याला सोन्यातलं कळतं.’”

बाबांनी हार खाली सोडला. बोरमाळ पुन्हा झेंडूत बुडाली.

“गेली, ती आलीच न्हाई.”

जयसिंग देवळाबाहेर आला. थोड्याच वेळापूर्वी आपण कुणाला हात जोडले होते, ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मोबाईल काढला तर त्याला रेंज नव्हती. बेचक्यात ती कधीच नसते. पाण्याच्या टाक्यापलीकडच्या खडकावर गेलं की लागते. जयसिंग पळत गेला. चप्पल घालायचं राहून गेलं, खडक तापलेला होता.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

“आक्का, काय झालंय?”

“कुठं हुतास रं?” मंदाआक्काचा आवाज बसलेला होता. “कवापास्नं लावतीय.”

“काय झालंय ते सांग आधी.”

…

“विक्रांत दार लावून बसलाय.”

विक्रांत तिचा मुलगा. शिकलेला, हुशार, मामासारखाच बाजाराचा नाद असलेला. त्यानं शेअर घेतले होते, स्वतःच्या पैशापेक्षा कितीतरी जास्तीचे, दलालानं पुढं केलेल्या पैशांवर. बाजार पडला तशी दलालानं रोकड मागितली. आजच्या आज भरा, नाहीतर सगळे शेअर मिळेल त्या भावाला फुंकून टाकतो. मंदाआक्का बोरमाळ काढायला निघाली होती ती त्या दिवशी.

“मग मला बोलली का नाहीस?”

“तू बोलतच हुतास की रं.”

जयसिंग खडकावर खाली बसला.

“मी म्हणलं, जयसिंग थांब म्हणतोय म्हंजी थांबावं,” आक्का सांगत होती. “त्यांनी शेअर फुंकलं. तरी आजून काय काय भरायचं ऱ्हायलंय म्हणं. तवापास्नं त्यो जेवंना. दाराला कान लावून बसते मी. आत चालायचा आवाज येतो, तवर बरं वाटतं. चालायचा थांबला की जीव घाबरा हुतो बघ.”

“आक्का, ती बोरमाळ काढ. आत्ता ये. मी इथंच आहे देवळात.”

“पर भाव पडलाय म्हणत्यात.”

“पडू दे.”

“तूच म्हणालास, थांब. आता परत वर जाईल का आणखी खाली जाईल? नुकसान नको व्हायला. आईची हाय ती.”

ती खरोखरच विचारत होती. तिला अजूनही वाटत होतं, भावाला कळतं. गुवाहाटीपासून कोईमतूरपर्यंत सगळे जे विचारत होते तेच ती विचारत होती, फक्त तिच्या पाठीमागं एक बंद दार होतं. आणि एकदम जयसिंगला वाटलं, त्या सगळ्यांच्याच पाठीमागं असेल की काय? हा विचार पुरता धरून ठेवायला त्याला जमलं नाही. तो आला आणि निसटला.

“मला माहीत नाही, आक्का,” तो म्हणाला.

एवढं साधं वाक्य कितीतरी वर्षांत त्याच्या तोंडून गेलं नव्हतं.

“पैसे मी देतो,” तो पुढं म्हणाला. “बोरमाळ राहू दे तिथंच. आत्ता पाठवतो.”

“तुझं नकोत.”

“का नकोत?”

“तुझं घेतलं तर पोरगं जन्मभर मामाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. आन् आईनं ती माळ मग कशापायी ठेवलीया?”



“त्याला घेऊन ये,” एवढंच तो म्हणाला.

“दार उघडलं तर ना.”

“सांग त्याला, तुझा गुडघा धरलाय. एकटीला टेकडी चढवत नाही.”

“गुडघा तर खरंच धरलाय,” आक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

जयसिंग परत आला तेव्हा बाबा शेंगांची टरफलं गोळा करत होते. तोही खाली बसला आणि टरफलं वेचू लागला. सोनं का पडलं, हा प्रश्न अजून त्याच्या मनात होता, पण आता तो हातात धरून कुठल्या बाजूनं बघायचा, हेच त्याला समजेना. विश्वास उडाला म्हणून पडलं, असं थोड्या वेळापूर्वी त्याला स्वच्छ दिसलं होतं. मग बाया आईच्या पाया पडून का गेल्या? आणि जिचा डाग राहिला, ती दाराला कान लावून बसली होती. सगळंच उलटंपालटं झालं होतं.

त्याची नजर सारखी पायवाटेकडे जात होती. वाट वळणावर झुडपांत शिरते, तिथून पुढं माणूस दिसत नाही.

“येईल का हो तो?” न राहवून त्यानं विचारलं.

“वर जाईल का खाली जाईल, आसंच इचारतोयस ह्ये,” बाबा म्हणाले.

“थट्टा नको, बाबा.”

“थट्टा न्हाई.” बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

…

उन्हं उतरून सांज होत आली. वळणावर आधी मंदाआक्काचा हिरवा पदर दिसला. ती एकटीच होती.

मग ती थांबली, मागं वळली आणि तिनं हात पुढं केला. झुडपातून एक हात आला आणि त्यानं तिचा हात धरला.

विक्रांत दाढी वाढलेल्या तोंडानं, खाली मान घालून आईला चढवत होता. तो आईला धरून होता की आई त्याला, हे लांबून सांगता येत नव्हतं. जयसिंगचे डोळे भरून आले. ते त्यानं लपवले नाहीत. पुढं होऊन तो काहीतरी बोलणार होता, धीराचं, समजुतीचं. बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. जयसिंग गप्प बसला.

“दाणं खा रं,” बाबांनी परात विक्रांतपुढं सरकवली. “भाजल्यालं न्हाईत. पर चांगलं हायत.”

विक्रांतनं मान हलवली. नको म्हणाला. मग बसला. मग एक दाणा उचलला.

मंदाआक्का देवळात गेली. तिनं झेंडूचा हार वर केला, बोरमाळ काढली, चेपलेल्या मण्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ती पदरात बांधली. आईच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. बाहेर येताना तिनं डोळे पुसले. चेहरा मात्र हलका झाला होता.

“जाते बाबा. दुकान मिटायच्या आत पोचाय पायजे.”

“सावकाश जा.”

“जमलं की आणून घालीन.”

“कुणी इचारतंय?”

मायलेक उतरू लागले. विक्रांत परातीतले दाणे मुठीत घेऊन निघाला होता. जयसिंग त्यांच्या मागोमाग निघाला, चप्पल घातली, आणि अडखळून थांबला. उद्याची सकाळ त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. गावोगावचे गलाईवाले मोबाईल कानाला लावून बसलेले.

“बाबा, एवढं तरी सांगा. उद्या सगळे विचारतील, सोनं का पडलं. काय सांगू त्यांना?”

बाबांनी आत आईच्या उघड्या गळ्याकडे एकदा पाहिलं, तिथं आता एकही डाग उरला नव्हता. त्यांनी देवळाचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

जयसिंग चक्रावला. दिवेलागण झाली होती. या वेळी दार लावलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“दार का लावता? आरतीची वेळ झाली की.”

“कुणाची करू?” केदारगीर बाबा म्हणाले. “आई कामाला गेलीया.”